सासूबाईंचा निम्मा कोर्स

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पुरती संपवली नाही, भांडण सोडून. साबणाची वडी झिजून पापुद्र्याएवढी झाली की ती बाजूला ठेवायची. दोऱ्याच्या रिळावर चार वेढे उरले की ते बाजूला ठेवायचं. टूथपेस्टची नळी आम्ही पिळून पिळून फेकायला निघालो की या मागून येऊन ती हातातून काढून घेणार, उजेडाकडे धरून बघणार आणि म्हणणार, "अजून आहे की!" लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्याच सकाळी न्हाणीघरातलं कपाट उघडलं, तर चपट्या नळ्यांचा ढीग माझ्या डोक्यावर कोसळला. मी किंचाळले, त्या धावत आल्या, आणि मला लागलं का हे विचारायच्या आधी त्यांनी नळ्या गोळा केल्या. तेव्हापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

त्यांचा धंदा शिवणकामाचा. घराच्या खालीच एका खोलीचं दुकान. नवे कपडे त्या शिवत नसत, लोकांचे जुने कपडे अंगाला बसते करून देत. पाटीवर लिहिलं होतं, ‘कपडे सैल व घट्ट करून मिळतील’. आत खिडकीशी पायाचं मशीन, भिंतीला लागून इस्त्रीचं टेबल, एका आडव्या नळीवर टांगलेल्या पँटी, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली जागा, जिथे गिऱ्हाइकं कपडे घालून बघत आणि श्वास रोखून बाहेर येत. "श्वास सोडा," सासूबाई म्हणायच्या. गिऱ्हाईक श्वास सोडायचं आणि त्याचं खरं माप जगासमोर यायचं. मग त्या शिवण उसवून आतली माया मोकळी करायच्या. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असतं ना, त्याला शिवणाऱ्यांच्यात माया म्हणतात. माया न ठेवता कापड बेतणाऱ्या शिंप्यांना त्या अशा शिव्या घालत, की गिऱ्हाइकाला वाटावं आपल्यालाच घालताहेत.

हे कपड्यापुरतं ठीक होतं. पण बाईंनी औषधालाही माया ठेवायला सुरुवात केली, तिथे सगळं बिघडलं.

घरात कुणाचा घसा धरला, पोट बिघडलं, गळू झालं, की डॉक्टर पाच-सात दिवसांच्या गोळ्या लिहून देत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरला की सासूबाई तळहात पुढे करून हजर. "बरं वाटतंय ना? मग आण इकडे उरलेल्या." त्या गोळ्या बिस्किटांच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात जात. पुढच्या दुखण्याला डॉक्टर नाहीच, डबा. लाल-काळी गोळी घशाला, पिवळी पोटाला, आणि लांबट पांढरी ‘कशालाही’. त्याही पुऱ्या द्यायच्या नाहीत, त्यातल्याही राखायच्या. गल्लीतली माणसं पँट आखूड करायला येत आणि जाताना कानाला, दाढेला काहीबाही घेऊन जात. काहीजण तर आपल्या उरलेल्या आणूनही देत. शेजारच्या कुत्र्याच्या पायाला जखम झाली होती, त्याच्याही चार गोळ्या त्या डब्यात होत्या. "कुत्रा बरा झाला की नाही?" हे त्यांचं म्हणणं. झाला होता, हे मान्य करायलाच हवं.

मी या हुकुमाला कधी जुमानलं नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. दिवसभर अनोळखी माणसांच्या हातात स्वतःचा जीव देऊन शेजारी बसायचं आणि "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घरी आल्यावर आवाज खाली यायला वेळ लागतो. माझ्या गोळ्या मी सासूबाईंसमोर उभी राहून, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून, शेवटच्या गोळीपर्यंत गिळायचे. त्या म्हणायच्या, "उधळी आहे." मी म्हणायचे, "असू दे." माझा नवरा हे चालू झालं की गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालायचा. आमची दोन झाडं त्या पाण्याने कुजली.

सासरे मात्र मोठे शहाणे. बायकोचा हात पुढे आला की निमूट गोळ्यांचं पाकीट देऊन टाकायचे. एका विमा कंपनीच्या इमारतीत त्यांनी सगळी नोकरी लिफ्टमन म्हणून काढली. स्टुलावर बसायचं, माणूस आत आला की "कुठे?" विचारायचं आणि बटण दाबायचं. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. घरात कुणी खुर्चीवरून उठलं की ते पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "कुठे?" याव्यतिरिक्त त्यांचं बोलणं फारसं नव्हतंच. पण तब्येत मात्र ठणठणीत. खोकला झाला, निम्म्या गोळ्या घेतल्या, बरे झाले. फोड आला, निम्म्या घेतल्या, बरे झाले. सासूबाई त्यांना दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायच्या. "बघा. या वयात गुडघा तेवढा दुखतो. सगळं माझ्या डब्यावर."

स्वतः सासूबाईंचा डावा कान मात्र कितीतरी वर्षं वाहत होता. त्यात कापसाचा बोळा आणि पोटात डब्यातली गोळी, की दोन दिवस कान कोरडा. मग पुन्हा वाहायचा, मग पुन्हा वेगळ्या रंगाची गोळी. मी कितीदा म्हटलं, कानाच्या डॉक्टरांकडे चला. "तुझ्या आवाजाने झालाय," त्या म्हणायच्या.

तर एकदा त्यांची मान दुखायला लागली. डोकंही. अंगात कणकण होती. मशीनवर वाकून वाकून मान आखडली, असं त्यांनीच ठरवलं आणि एक लांबट पांढरी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी जेवायला आले तर दुकानात समोरच्या हॉटेलातला वेटर उभा होता, हातात आपली काळी पँट घेऊन. पँटचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केलेले. शिवण इतकी सुरेख, की बघत राहावं.

"मावशी, पाय बाहेर कुठून काढू?" वेटर विचारत होता.

"वरूनच," सासूबाई म्हणाल्या, "जिथून घातलेस तिथूनच." आणि मग अगदी गोड आवाजात, "पैसे सावकाश द्या हं. काही घाई नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पँटीचं मी समजू शकले असते. पण पैसे सावकाश? या बाईने सख्ख्या भावाकडून काजाबटणाचे पैसे आधी घेतले होते. मी जवळ जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. खिडकीचा उजेड नको म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मान खाली वाकवा म्हटलं तर हनुवटी जागची हलेना. मग त्या इस्त्रीच्या टेबलावर भडाभडा ओकल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमचं माप घ्यायचं राहिलंय." मला त्या ओळखतच नव्हत्या.

वेटरने आणि मी त्यांना उचलून माझ्या गाडीत घातलं. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, डोक्यावर ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी. मी हॉर्न दाबून धरला, पण शिकाऊ गाडीच्या हॉर्नला कोण विचारतो? लोक हसून लांब सरकत, तेवढाच रस्ता मिळत होता. वरून धावत आलेले सासरे शेजारच्या सीटवर बसले होते, आणि त्या बाजूलाही शिकवणाऱ्याचा एक ब्रेक असतो. घाबरून त्यांचा पाय त्यावर पडायचा आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गचकन थांबायची. "बाबा, पाय वर घ्या!" मी ओरडत होते. शेवटी ते मांडी घालून बसले. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तरी त्यांना मांडी सोडवेना. मागून सासूबाई म्हणाल्या, "चौथा मजला आला का?" तेव्हा ते रडायला लागले.

मोठं सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, जाड चष्म्याच्या, आणि फार कमी झोपलेल्या दिसत होत्या. त्यांनी सासूबाईंची मान, डोळे, कान बघितले आणि ताबडतोब कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. एरवी ते पाणी स्वच्छ असतं म्हणे. हे गढूळ होतं. "मेंदूच्या भोवतीच्या आवरणात पू झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूज्वर. जंतू कानातून आत शिरलेत. औषध लगेच सुरू करतोय, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा." माझा नवरा ऑफिसातून धावत आला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. तिथे पाणी घालायला झाड नव्हतं, म्हणून तो भिंतीला टेकून खाली बसला.

शिरेतून औषधं सुरू झाली. भारीतली, भरपूर. दोन दिवस झाले तरी ताप जागचा हलेना, आणि बाई तर हाकेलाही ओ देईनात. मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. काचेच्या बशीत जंतू वाढवलेले, सायीसारखे पसरलेले, आणि त्यावर औषधाच्या गोल चकत्या, पुठ्ठ्यावर बटणं लावून ठेवावीत तशा. ज्या औषधाला जंतू मरतात त्या चकतीभोवती मोकळं रिंगण पडतं. इथे एकाच चकतीला पडलं होतं. बाकी सगळ्या चकत्यांना जंतू अगदी खेटून, मजेत बसले होते.

"घरात राहणाऱ्या, कधी दवाखान्यात न राहिलेल्या मोठ्या माणसात असे जंतू मेंदूपर्यंत गेलेले मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. "या जंतूंना इतकी औषधं माहीत कशी? आधी काय काय दिलंय आजींना?"

मी घरी जाऊन डबा आणला. डॉक्टरीणबाईंनी तो ट्रेमध्ये उपडा केला. गोळ्या घरंगळत राहिल्या. मोठ्या सिस्टर हातातलं काम सोडून बघायला आल्या. डॉक्टरीणबाई एकेक पाकीट उचलून वाचत होत्या आणि प्रत्येक नाव त्या बशीतल्या एकेका चकतीचं निघत होतं. मध्येच त्या थबकल्या. "ही तर जनावरांची आहे."

"ती कुत्र्याची," मी म्हटलं. "तो बरा झाला."

त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. औषध अर्ध्यावर सोडलं की दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढच्या खेपेला वाढतात ते चिवटच. वर्षानुवर्षं असं केलं की पेशंटला बरं वाटत राहतं आणि कानाच्या आत एक तालीमबाज फौज तयार होते. मला राग आला. सासूबाईंचा आला, डब्याचा आला, आणि सगळ्यात जास्त याचा, की मी जन्मभर त्यांच्याशी नको त्या साबणावरून भांडत बसले, कानावरून पुरेसं भांडलेच नाही.

उरलं होतं एकच औषध. जुनं, कडक, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनीच मागे टाकलेलं. ते शिरेतून द्यायचं, आणि थोडं थेट पाठीच्या कण्यात सुईने सोडायचं, कारण रक्तातून ते मेंदूच्या आवरणात पुरेसं पोहोचत नाही. रोज लघवी मोजायची, रक्त तपासायचं. ताप उतरला की कानामागचं सडलेलं हाड ऑपरेशन करून साफ करायचं, नाहीतर जंतूंचं माहेर तसंच राहणार. आणि हे सगळं पुरे तीन आठवडे, एक दिवससुद्धा कमी नाही. "मधे सोडलं आणि हे परत उलटले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर माझ्याकडे द्यायला काही नाही."

ते सुरुवातीचे दिवस मला आठवायला नको वाटतात. आम्हाला आळीपाळीने आत सोडत. सासूबाई पडलेल्या, तोंड उघडं, हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले, कारण त्या सुया उपटत. ती बाई गप्प होती, आणि मला ते सहन होईना. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, मी ते कपाट रिकामं करणार. सगळ्या नळ्या फेकणार आज." काही नाही, पापणीही हलली नाही. मी बाहेर आले आणि सासऱ्यांना म्हटलं, "झोपल्यात." ते म्हणाले, "हं."

मग एका सकाळी ताप उतरला, आणि त्यानंतर लवकरच त्या बोलल्या. मोठ्या सिस्टरांनी सांगितलेले पहिले शब्द असे: "हा गाऊन कुणी शिवलाय? कुठे आहे तो? बोलवा त्याला." गाऊनला मागे दोन बंद होते आणि दोन्ही एकाच बाजूला शिवलेले होते. सिस्टरांना ते त्यांच्या इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण पेशंट बहुतेक त्यावरच झोपलेले असत. आमचा जीव भांड्यात पडला. कानाचं ऑपरेशनही झालं. डावा कान कायमचा गेला, पण बाई वाचत होती.

आता खरी गंमत सुरू झाली. बाईंना बरं वाटायला लागलं.

"मला बरं वाटतंय," त्यांनी जाहीर केलं. कोर्स जेमतेम अर्ध्यावर आला होता. "सोडा मला. उरलेलं औषध बांधून द्या, लागेल तसं घेईन घरी."

"आजी, हे पाठीच्या कण्यात द्यायचं असतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मग? आमच्या घरात काय सुया कमी आहेत?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, मी गाडी शिकवते."

दुसऱ्या दिवशी त्या गाऊनवर स्वेटर चढवून पलंगावर बसूनच होत्या. पिशवी भरलेली. पिशवीत दवाखान्याचा साबण, निम्मा. डॉक्टरीणबाई येऊन समजावून गेल्या, मग पुन्हा आल्या. कागद पुढे झाला: ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला नेत आहोत.’ सासूबाईंनी पोराच्या हातात पेन दिलं आणि तो, माझा हा नवरा, आईने पेन दिलं म्हणून खरंच कुठे सही करायची ते शोधायला लागला.

"सही केलीस तर मी तुझा हात मोडीन," मी म्हटलं. अख्खा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. "आई, तुम्हाला कळतंय का? हे परत उलटलं तर औषध नाहीये! दुनियेत नाहीये! तुम्ही मराल!"

"ओरडू नकोस, एक कान शिल्लक आहे," त्या म्हणाल्या. "आणि मला शिकवू नकोस. कोर्स पुरा करा, कोर्स पुरा करा, हे सगळे कंपन्यांचे धंदे. मी काय अंदाजाने बोलतेय? माझ्याकडे पुरावा आहे." त्यांनी हात लांब करून सासऱ्यांकडे बोट दाखवलं. सासरे पलंगाच्या पायाशी स्टुलावर बसले होते, लिफ्टमधल्यासारखे, हात गुडघ्यावर. "यांना बघा, डॉक्टरीणबाई. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या हाताखाली आहे. दर वेळी निम्म्या गोळ्या. टायफॉइड निम्म्यावर, न्यूमोनिया निम्म्यावर. एकदा उलटलं? एकदा तरी? तपासा त्यांना, काय तपासायचं ते."

डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं. शेजारच्या पलंगावरच्या बाई कोपरावर उठून बघायला लागल्या. सासरे खरंच दृष्ट लागण्याजोगे दिसत होते. डॉक्टरीणबाई चष्मा काढून पुसायला लागल्या.

सासरे उठून उभे राहिले. ते उठले तर "कुठे?" विचारणारं कुणी नव्हतं.

"मी पुऱ्या घ्यायचो," ते म्हणाले.

"काय?" सासूबाईंनी चांगला कान पुढे केला.

"गोळ्या. तू निम्म्या काढून घ्यायचीस. मी कामावर जाताना, पुढे पेपर आणायला जाताना, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तेवढ्याच विकत घ्यायचो. पुऱ्या करायचो."

मोठ्या सिस्टरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"कधीपासून?" सासूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पहिल्या टायफॉइडपासून. डॉक्टर म्हणाले होते, अर्धवट सोडू नका, उलटेल. मला भीती वाटली."

"टायफॉइडची?"

"दोन्हीची," सासरे म्हणाले. "टायफॉइडची आणि तुझी."

शेजारच्या बाई हसल्या आणि मग खोकल्याचं सोंग केलं. सासूबाईंना ते दिसलंही नाही. "आणि मला नाही सांगितलंत? इतकी वर्षं? मी सगळ्या गल्लीला सांगत फिरले!"

"तेच तर," सासरे म्हणाले. आता त्यांचा आवाज फुटला. "तू सगळ्यांना सांगायचीस, यांना मी बरं केलं. किती खूश असायचीस. म्हटलं, असू दे. माझं काय जातंय? मी माझ्यापुरता बरा राहिलो. आणि तू ते खरं धरून स्वतःच्या कानाला निम्म्या घेत बसलीस. मी बघत होतो रोज. तोंड उघडलं नाही." त्यांनी पोराच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सिस्टरांना दिलं. "तिला नेऊ नका. ती जगली पाहिजे. माझ्याकडे बघून ती मरायला नको."

मी त्यांना एका दमात इतकं बोलताना तोवर ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

सासूबाईंनी स्वेटर काढला, घडी घातली आणि आडव्या झाल्या. "डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "टोचा काय टोचायचं ते. पुरं टोचा. आणि या माणसाला माझ्या समोरून घेऊन जा."

त्यानंतर त्यांनी कोर्स असा केला की मोठ्या सिस्टरांच्याच नाकी नऊ आले. सलाइनच्या बाटलीत तळाशी थेंब राहिला तर बेल वाजवायच्या. "हे काय उरवलंय? चोरून नेणार का घरी?" औषधाला थोडा उशीर झाला तर अख्खा वॉर्ड जागा. मूत्रपिंडाचे आकडे मधे बिघडले, औषध कमी करावं लागलं, आम्ही पुन्हा घाबरलो; तेव्हा याच बाई डॉक्टरीणबाईंशी भांडल्या, की मला कमी देऊन फसवू नका, एकदा फसलेय. सासरे रोज येत. ते आले की त्या उजवा कान उशीत दाबून झोपत, बहिरा कान वर. सासरे स्टूल ओढून त्या बहिऱ्या कानाशी बसत आणि पेपर वाचून दाखवत. राशिभविष्यापासून निधनवार्तांपर्यंत सगळा. ती ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं. मी एकदा म्हटलं, "बाबा, त्या बाजूने काही कळत नाही त्यांना." ते म्हणाले, "म्हणून तर मला वाचता येतं."

शेवटची सुई झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मणक्यातलं पाणी आम्हाला दाखवलं. नळीतून पलीकडचं सगळं दिसत होतं. नवऱ्याने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. मी पिशवी भरत होते. सासरे नेहमीच्या जागी, पेपर उघडायच्या बेतात.

सासूबाईंनी कूस बदलली. चांगला कान सासऱ्यांकडे आला.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. भांडणानंतर त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "त्या गोळ्या तुम्ही घ्यायचात कुठे?"

"लिफ्टमध्ये. सगळे वर उतरले की खाली येताना एकटा असायचो. तेव्हा."

"पाणी?"

"लिफ्टमध्ये कुठलं पाणी? कोरडीच गिळायचो."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. इतक्या दिवसांत त्या आधाराशिवाय अशा उठल्या नव्हत्या. "कोरडी? ती लांबट पांढरी? एवढी मोठी? अहो, घशात अडकली असती म्हणजे? दार बंद, आत एकटे, कुणाला कळलं असतं? कोण धावलं असतं?"

"नाही अडकली," सासरे म्हणाले.

"पण अडकली असती तर?"

आणि त्या रडायला लागल्या. पाठीत सुया टोचल्या तेव्हा रडल्या नव्हत्या, कान गेला हे कळलं तेव्हा "बरं झालं, सूनबाईच्या बाजूचा गेला" म्हणाल्या होत्या. आता चांगल्या हुंदके देऊन रडत होत्या, सासऱ्यांची बाही दोन्ही हातांनी धरून, आणि मधूनमधून त्यांचा गळा चाचपून बघत होत्या. सासरे मान वर करून, लहान मुलासारखा गळा पुढे करून उभे होते. मी पिशवी तिथेच टाकली आणि त्या दोघांना धरून मीही रडले, मोठ्याने, माझ्या नेहमीच्या आवाजात.